अकरा पायऱ्यांखालचं भजन

पखवाजाच्या डाव्या बाजूला कणीक लावावी लागते. ज्यानं कधी पखवाज मांडीवर घेतला नाही त्याला हे माहीत नसतं, म्हणून सांगतो. ओल्या कणकेचा गोळा डाव्या चामड्यावर थापला की आवाज घुमतो, पोटातनं आल्यासारखा येतो. नाही थापला तर तेलाचा रिकामा डबा बडवल्यासारखं वाजतं. कणीक घट्ट झाली तर अर्ध्या भजनात सुटून पडते. सैल झाली तर बोटांना चिकटून वर येते.

माझी कणीक माझी बायको मळायची. लग्न झाल्यापासून, दर गुरुवारी. चार वाजले की वाटीत गोळा, त्यावर ओलं फडकं, अन् वाटी उंबऱ्याच्या आतल्या अंगाला ठेवलेली. "तुमचा निवद ठेवलाय," म्हणायची. मी वाटी उचलायचो अन् जायचो. पाणी किती घालते, तेल लावते का, हे मी एकदाही विचारलं नाही. नळाला पाणी येतंय तोवर कोण विचारतं ते कुठून येतं.

ती गेली, तेरावा झाला, पोरगी उदगीरला सासरी परत गेली. त्यानंतरच्या गुरुवारी मी पहिल्यांदा कणीक मळायला बसलो. आधी पातळ झाली, मग पीठ घातलं, मग घट्ट झाली, मग पाणी घातलं. शेवटी परातीत चार माणसांच्या चपात्यांना पुरंल एवढा गोळा झाला आणि घरात खाणारा मी एकटा. त्यातला लिंबाएवढा घेतला अन् देवळात गेलो. दुसऱ्याच अभंगाला तो सुटला आणि सतरंजीवर पडला. तसाच पडून राहिला. कुणी काही बोललं नाही. तेच वाईट वाटलं. आधी कधी पडला असता तर सगळे हसले असते.

आमचं गाव कानडी मुलखात, औरादच्या पल्याड, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. मारुतीच्या देवळात दर गुरुवारी पाच वाजता भजन असतं, दिवस मावळायच्या आत संपतं. आमच्यात एक पद्धत आहे. सतरंजीवर गोल करून बसायचं आणि पाळी फिरते. ज्याची पाळी आली त्यानं एक म्हणायचं. मराठी येतं त्यानं अभंग, कानडी येतं त्यानं वचन, म्हणजे कानडीतला अभंगच. कुणी कुणाला अडवत नाही. पण पाळी सतरंजीवरच्यालाच. जो सतरंजीच्या बाहेर, भिंतीला टेकून बसला, तो ऐकणारा. बायका सगळ्या भिंतीकडं बसायच्या. माझ्या बायकोला आमच्या गोलातल्या कुठल्याही बाप्यापेक्षा जास्त पाठ होतं. ती सातवीपर्यंत शिकलेली. मी दुसरीतनं ढोरं राखायला गेलो, अक्षर लावत लावत वाचतो. पण सतरंजीवर मी आणि भिंतीला ती. मला त्यात कधी वावगं दिसलं नाही. हेही सांगून टाकतो, म्हणजे पुढं जे सांगणार आहे ते नीट कळंल.

आमच्या मंडळाचं आजूबाजूच्या गावांत एकच नाव होतं, ते म्हणजे लय. आम्ही शेवटच्या कडव्याला लय अशी चढवायचो की दुसऱ्या गावचे टाळकरी टाळ खाली ठेवून बघत बसायचे. ती लय माझ्या हातात. पखवाजवाला पळवील तसं भजन पळतं. विणा धरणारा आमच्या गावचा शाळामास्तर, पन्नाशीचा, गळा चांगला. तो मान हलवायचा आणि मी पळवायचो. मला त्याची नशा होती, खोटं कशाला बोलू.

देवळाचं जोतं आधी तीन पायऱ्यांचं होतं. नवीन देऊळ बांधायचं ठरलं तेव्हा बैठकीत कुणीतरी म्हणालं, सात पायऱ्या करू. मी उठून म्हणालो, "अकरा करा. रोडवरून कळस दिसला पाह्यजे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या देवळाचा कळस आता रोडवरून दिसतो.

मग तिला लकवा मारला.

उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एका सकाळीच गेलं. बीदरला दवाखान्यात नेलं. हळूहळू पाय थोडा ओढायला लागली. बोलणं आलं नाही. दोनच शब्द राहिले. एक "हां" अन् दुसरा "जाऊ दे." पाणी पाह्यजे तरी "जाऊ दे," पोटात दुखतंय तरी "जाऊ दे," पोरगी आली तिला बघून आनंद झाला तरी "जाऊ दे." आवाजाच्या चढउतारावरून ओळखायचं. मला लवकर ओळखू येत नव्हतं. चिडायचो. "काय जाऊ दे? काय जाऊ दे ते सांग की!" म्हणून एकदा ओरडलो. ती रडली नाही. डाव्या हातानं पदर सारखा करत बसली.

पण गुरुवारची कणीक ती डाव्या हातानं मळायची. परात भिंतीला टेकवायची, पायानं दाबून धरायची आणि एका हातानं मळायची. तासभर लागायचा. कणीक मात्र तशीच, पहिल्यासारखी.

एका बुधवारी मी घरात पखवाज काढून बसलो होतो. हाताला सवय राहावी म्हणून हळूहळू वाजवत होतो, तोंडानं अभंग पुटपुटत होतो. बाजेवरून आवाज आला. मागं वळून बघितलं तर ती गात होती. शब्दासकट. जिला पाणी म्हणता येत नव्हतं, ती अख्खी ओळ म्हणत होती. जाड जिभेनं, जरा मागून, पण एक शब्द चुकत नव्हता. माझे हात थांबले. हात थांबले तशी तीबी थांबली आणि माझ्याकडं बघत म्हणाली, "हां?"

पुढच्या खेपेला बीदरच्या दवाखान्यात तिथल्या एका बाईला सांगितलं. तिला मराठी येत नव्हतं, मी मोडक्या कानडीत सांगितलं. तिला काही नवल वाटलं नाही. म्हणाली, "हाडलि, अण्णा. हाडलि बिडि." गाऊ द्या, गाऊ द्या की. काही जणांचं बोलणं जातं पण गाणं राहतं, चार माणसांत बसवा, गाऊ द्या. एवढं सांगून ती दुसऱ्या पेशंटकडं गेली. मला वाटलं, औषध सापडलं.

त्या गुरुवारी मी तिला देवळात न्यायचं ठरवलं. अकरा पायऱ्या. आमच्या घरी एक निळी प्लास्टिकची खुर्ची होती, तीत बसवलं आणि मंडळातल्या चौघांनी चार पाय धरून वर नेली. ती खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसली होती. डोळे मिटलेले. वर एकजण म्हणाला, "काका, देवापुढं खुर्चीवर बसत न्हाईत." मास्तर म्हणाला, "असू द्या, मागं भिंतीकडं ठिवा." खाली बसवली असती तर परत उठवणार कोण? म्हणून भिंतीकडं, खुर्चीवर, सगळ्यांपेक्षा उंच आणि सगळ्यांपेक्षा लांब.

पहिलं झालं, दुसरं झालं. ती गप्प होती. तिसऱ्याला तिला माहीत असलेला अभंग निघाला आणि ती गायला लागली. मोठ्यानं. जीभ जड, त्यामुळं प्रत्येक शब्द अर्धी मात्रा मागं. आम्ही ओळ संपवायचो, तिची ओळ नंतर संपायची. चार जणांनी माना वळवल्या. एकाला हसू आलं, त्यानं टाळ तोंडापुढं धरला. शेवटचं कडवं आलं, मास्तरनं मान हलवली आणि मी लय चढवली. ती आणखी मागं पडली. आता आम्ही दुसऱ्याच ओळीवर आणि ती मागच्या. भोंग्यातून सगळ्या गावात ते जात होतं. मास्तरनं माझ्याकडं बघितलं.

मी पखवाज मांडीवरून काढला, उठलो, भिंतीकडं गेलो आणि तिच्या तोंडावर हात ठेवला.

मारलं नाही. दाबलं पण नाही. नुसता हात ठेवला, लेकराला गप करतात तसा. कणकेचा ओला हात होता. तिच्या ओठाला, हनुवटीला कणीक लागली. ती माझ्याकडं बघत राहिली आणि माझा हात बाजूला झाल्यावर म्हणाली, "जाऊ दे."

त्या वेळच्या "जाऊ दे"चा अर्थ ओळखायला मला एक क्षणही लागला नाही.

त्यानंतर ती देवळात आली नाही. मी म्हणालो होतो, चल. तिनं मान वळवली. मी भोंग्याचं तोंड आमच्या गल्लीकडं फिरवून घेतलं, घरबसल्या तुला ऐकू येईल म्हणालो. मोठं काम केल्यासारखं सांगितलं. ती ऐकत होती का नाही, देव जाणे. घरी मी पखवाज काढला की भिंतीकडं तोंड करून पडायची. गायली मात्र पुन्हा कधीच नाही. ना देवळात, ना घरात. कणीक मळत राहिली. शेवटच्या गुरुवारीसुद्धा मळली. शनिवारी दुपारी चहा ठेवून मी आत आलो तर ती गेलेली होती. चहा दोघांचा टाकला होता. मग गॅस बंद केला. पुढं काय करायचं ते सुचलं नाही, म्हणून आधी तो चहा गाळला.

ती गेल्यावर सहा महिन्यांत माझे गुडघे गेले. आधी पायऱ्यांवर बसत बसत चढायचो. मग एका गुरुवारी चौथ्या पायरीवर बसलो आणि उठवलंच नाही. वरून मास्तर ओरडला, "काका, या की! उचलू का?"

मला निळी खुर्ची आठवली. "नको," म्हणालो. "आज जरा बरं वाटत न्हाई."

खाली उतरलो. खालच्या पायरीवर चाचा बसले होते. त्यांना अख्खं गाव चाचा म्हणतं, माझ्या वयाचे आहेत तरी मीही म्हणतो. पेटी दुरुस्त करणारे. आमच्या मंडळाची हार्मोनियम त्यांच्याच हातची सुरात आहे. आता डोळ्यांनी दिसत नाही, पण हात फिरवून कुठली पट्टी दबत नाही ते सांगतात. दर गुरुवारी ते तिथं खालच्या पायरीवर येऊन बसतात हे मला माहीत होतं. त्यांना वर यायला कुणी मनाई केली नव्हती. वर या म्हणूनही कुणी म्हटलं नव्हतं. मी वर जाताना त्यांच्या अंगावरून जायचो, "चाचा, बरं हाय का," एवढं म्हणून.

मी शेजारी टेकलो. त्यांनी कान माझ्याकडं केला.

"कौन? पखवाजवाले?"

"व्हय."

"आये क्या नीचे? कैकू इत्ते साल लगाये?" आणि स्वतःच हसले. "बैठो. यहाँ मच्छर हैं, बाकी सब अच्छा है."

वर भजन सुरू झालं. पखवाजाशिवाय. एकानं मोबाईलवर तबला लावला होता, तो माईकपुढं धरलेला. ठेका बरोबर होता. एक मात्रा इकडची तिकडं नव्हती. चाचांनी तोंड वाकडं केलं.

"ये मशीन बिल्कुल तुम्हारे जैसी है," म्हणाले. "किसी के लिए रुकती नहीं."

मला राग आला. "मी थांबत नव्हतो का?"

"तुम?" ते हसले नाहीत आता. "तुम्हारी घरवाली उस दिन ऊपर गा रही थी. मैं यहाँ था, सब सुना. सब बोले, बाई चुक रही. बाई नहीं चुक रही थी, मियाँ. मैं उँगली पे गिना. उसकी लय सीधी थी, एकदम बराबर. धीमी थी बस. भगा तो तुम रहे थे."

वर भजन संपेपर्यंत बसलो. उठताना त्यांनी माझा हात धरला की मी त्यांचा, लक्षात नाही. दोघं एकमेकाला धरून गल्लीपर्यंत आलो.

घरी गेल्यावर मी पखवाज काढला. कणीक न लावताच वाजवला, डब्यासारखा. ती ओळ आठवली, ती ज्या चालीनं म्हणत होती तशी, अर्धी मात्रा मागं. तशी वाजवून बघितली. बसली. बरोबर बसली. मला फक्त हात आवरायचा होता. हात आवरायचा सोडून मी हात तिच्या तोंडावर नेला.

पुढच्या गुरुवारी चार वाजताच देवळाखाली जाऊन थांबलो. सगळे जमल्यावर म्हणालो, "भजन खाली आणा. हितं कडुलिंबाखाली सपाट जागा हाय. अन् लय कमी करा."

"खाली कामून?" एकजण म्हणाला. "देव वर हाय."

"देवाला खालचं आयकू येत न्हाई व्हय? भोंगा तर अख्ख्या गावाला आयकू येतोय."

"काका, गुडघ्याचं म्हणत असाल तर आम्ही उचलून नेऊ," मास्तर म्हणाला. समजावणीच्या आवाजात. शाळेत पोरांना बोलतो तसं.

"मला उचलू नका. भजन उतरवा," मी म्हणालो. "वर मी येणार न्हाई, अन् खाली चाचा बसल्यात तेबी वर येणार न्हाईत. गावात अजून किती जण हायत बघ. तुझी आई कुठाय?"

मास्तरची आई नव्वदीची. आमच्या गावात तिला सगळे अक्का म्हणतात. जुनी कानडी वचनं तिला जेवढी येतात तेवढी आता कुणाला येत नाहीत. पण तिचं भान जरा सुटलेलं. भर दुपारी मोठ्यानं गायला लागते, मधेच थांबते, परत पहिल्यापासून म्हणते. मास्तर तिला आतल्या खोलीत ठेवतो, दार लावून. वाईट वागवत नाही. भरवतो, आंघोळ घालतो, सून पण चांगली आहे. फक्त दार लावलेलं असतं.

"आईचं मधी कशाला काढता?" तो म्हणाला.

"कारण तू बी माझ्यासारखाच हायस. मी हात ठिवला, तू दार लावलंस."

असं बोलायला नको होतं. चार लोकांत तर नकोच. तो पायऱ्या चढून वर गेला. बाकीचेही गेले. मोबाईल सुरू झाला. चाचा म्हणाले, "तुम्हारी जबान भी तुम्हारे पखवाज के माफिक है." मी म्हणालो, व्हय.

सहा-सात गुरुवार तसेच गेले. मी कणीक मळायचो, वाटीत घालून फडकं टाकायचो, उंबऱ्यात ठेवायचो आणि कुठं जायचो नाही. पाच वाजता भोंगा लागायचा. त्याचं तोंड अजून आमच्याच गल्लीकडं होतं. जिच्यासाठी फिरवला ती नाही आणि मी एकटा बाजेवर बसून मोबाईलचा तबला ऐकतोय. ती कसं ऐकत असेल ते तेव्हा कळलं. दार बंद केलं तरी ऐकू येतं. गाणारे तुमचेच लोक, गाणं तुम्हाला पाठ, आणि तुमची पाळी येणार नाही हे पक्कं माहीत. ती तीन वर्षं हे ऐकत होती. वाळलेली कणीक शुक्रवारी सकाळी कोंबड्यांना टाकायचो. शेजारच्या, माझ्या नाहीत.

एका मंगळवारी दुपारी मास्तर आला. दारात उभा राहिला, बस म्हटलं तरी बसेना. मी वाटच बघत होतो भांडायची.

"आईनं गुरुवारी दार वाजवलं," तो म्हणाला. "भोंग्यावर वचन लागलं होतं. तिचं होतं ते, तिनंच मला शिकवलेलं. आत म्हणायला लागली. बायको सांगत होती, मशीन पुढं पळायली अन् आई मागं राहायली. तिनं तीन वेळा पहिल्यापासून धरलं. मग रडायला लागली."

मी त्याला पाण्याचा तांब्या दिला.

"त्या मशीनला मी थांबवू शकत न्हाई, काका. बघितलं मी. बटन हाय कमी-जास्तीचं, पण माणूस कुठं अडखळलं ते तिला कळत न्हाई." मग म्हणाला, "ह्या गुरुवारी खाली बसू. एकदा बघू. लोक काय म्हणतील ते म्हणतील."

"तूच सांग लोकांना. मी सांगितलं तर येणार न्हाईत."

"ते तर हाय," तो म्हणाला आणि पहिल्यांदा हसला. "कणीक तेवढी नीट मळा."

गुरुवारी लिंबाखाली सतरंजी टाकली. भोवतीनं खुर्च्या ठेवल्या, जो जसा बसंल तसा. आधी वाद झालाच, देवापुढं खुर्ची नको म्हणून. मास्तर म्हणाला, "देव वर हाय असं तुम्हीच म्हणला होता की. मग आता कुठं देवापुढं बसलोय आपण?" चाचांना मास्तरनं स्वतः हाताला धरून सतरंजीवर बसवलं, पेटीच्या शेजारी. भोंगा चाचांनी बंद करायला लावला. "चिल्लाने की जरूरत क्या? सब यहीं हैं."

मी घरून निळी खुर्ची आणली होती. काठी एका हातात, खुर्ची दुसऱ्या हातात, तीन वेळा थांबत आलो. माझ्या डाव्या बाजूला मांडली. तिच्यावर कुणी बसायचं नाही, असं मी मनात धरलं होतं. आमच्या मंडळात माणूस गेला की वर्षभर त्याचे टाळ त्याच्या जागेवर ठेवतात आणि त्याची पाळी आली की सगळे घडीभर गप्प बसतात. तिला जागाच नव्हती तर टाळ कुठं ठेवणार. म्हणून खुर्ची.

अक्काला बाजेसकट आणलं. चौघांनी नाही, दोघांनीच, सपाट जमिनीवरून काय लागतं. पाळी फिरली. पहिल्या दोघांनी नेहमीसारखं जोरात म्हटलं. मी हात आवरून धरले. एकानं माझ्याकडं डोळे वटारले, पुढं हो म्हणून. मी पुढं झालो नाही. तो लय सोडून म्हणाला, "हे काय भजन हाय का? मयताला निघालोय का आपण?"

"व्हय," मी म्हणालो. "माझ्या घरचं मयत हाय. तुला घाई असंल तर जा."

तो गेला. त्याच्याबरोबर अजून एक गेला. पहिल्याचा गळा चांगला होता, तो गेल्याचं वाईट वाटलं. बाकीचे राहिले, थोडे अवघडून.

अक्काची पाळी आली तेव्हा ती आभाळाकडं बघत होती. मास्तरनं तिच्या कानाशी वचनाची पहिली ओळ धरली. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि सुरू केलं. बारीक, हलणारा आवाज. दुसऱ्या ओळीला थांबली. मी ठेका धरून ठेवला. नुसतं डाव्या हातानं, घुम, घुम, जागच्या जागी. टाळकरी माझ्याकडं बघत होते, कधी धरायचं म्हणून. मी मान हलवली, थांबा. ती परत पहिल्यापासून धरणार असं सगळ्यांना वाटलं. तिनं पहिल्यापासूनच धरलं. आम्हीपण पहिल्यापासून गेलो. तिसऱ्या खेपेला ती पुढं गेली आणि शेवटपर्यंत गेली. मास्तर म्हणत नव्हता. विणा छातीशी धरून नुसता उभा होता.

मग चाचांनी एक म्हटलं, त्यांच्या दखनीतलं, आम्हाला कुणाला माहीत नसलेलं. वीस वर्षं पायरीवर बसलेल्या माणसाचा गळा आम्ही त्या दिवशी ऐकला. मधेच थांबून मला म्हणाले, "इत्ता भी धीमा नक्को, मियाँ, मैं अभी ज़िंदा हूँ." सगळे हसले. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळं खोकला आला.

तेवढ्यात पल्याडच्या गल्लीतली एक म्हातारी काठी टेकत आली. तिच्या पायाला सूज असते, देवळात तिला कधी बघितल्याचं आठवत नाही. सगळ्या खुर्च्या भरलेल्या. ती निळ्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली.

"भावजी, हितं कोण हाय का?"

माझे हात चालू होते. सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण खुर्ची कुणाची ते सगळ्यांना माहीत होतं. चौघांनी तीच तर उचलली होती. मास्तर म्हातारीला काही सांगायला पुढं झाला. मला वाटलं, सांगू दे. तिला दुसरी खुर्ची आणून देतील. हिची जागा एक दिवस तरी राहू दे.

आणि मग वाटलं, ही बाई उभी राहिली तर परत भिंतच झाली.

"कोण न्हाई," मी म्हणालो. "बसा."

ती बसली. काठी मांडीवर आडवी धरली. आमच्यात नवीन, पण पाळी आली तेव्हा तिनं म्हटलं. पोरं निजवायचं गाणं म्हटलं, अभंग येत नव्हता तिला. मी त्याला ठेका धरला. कणीक त्याच वेळी सुटली आणि सतरंजीवर पडली. आजही घट्टच झाली होती. म्हातारीनं वाकून ती उचलली, तळहातावर घेऊन दाबून बघितली.

"पाणी कमी पडलंय," ती म्हणाली. "अन् मळल्यावर घटकाभर झाकून ठिवत नसाल तुम्ही. घाई करत असाल."

उठायची वेळ झाली तेव्हा मी खुर्चीला हात घातला. म्हातारी म्हणाली, "राहू द्या की हितंच. पुढच्या गुरुवारी मी कशावर बसू?" मास्तर म्हणाला, मी देवळाच्या खोलीत ठेवतो सगळ्या खुर्च्या, तुम्ही कशाला ओढत नेता. मी हात काढून घेतला.

रिकाम्या हातानं घरी आलो. येताना एकदाच थांबावं लागलं. खुर्ची जिथं असायची तिथं जमिनीवर चार पायांचे चार डाग पडलेत, शेणानं सारवलं तरी दिसतात. तिथं काही ठेवलं नाही. परात धुतली, वाटी धुतली, फडकं वाळत घातलं. पुढच्या गुरुवारी कणीक अडीच वाजताच मळून झाकून ठेवायची, हे विसरू नये म्हणून मोठ्यानं म्हटलं. घरात ऐकायला कुणी नव्हतं, तरी मोठ्यानंच म्हटलं.